रविवारची सहल: वायनरीला सगळ्यांनी यायचं का?

संदीप (सी-४०४): मंडळी, फेब्रुवारीतली सहल ठरवायचीय. त्र्यंबक झालं, वणी झालं, भंडारदरा झालं. दोघा-तिघांनी वायनरी सुचवलीय. लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळी घेऊन जाण्यासारखं असतं का तिथे? कुणी सहकुटुंब गेलंय?

सुधाकरकाका (ए-१०१): सोसायटीची सहल आणि दारूच्या कारखान्यात? माझा विरोध नोंदवून ठेवा. आपल्याकडे चार घरी माळकरी आहेत.

वृषाली (बी-२०३): काका, त्या चारातलं एक घर आमचं. गेल्या रविवारी आम्ही घरच्या वयस्कर नानांना घेऊनच गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

नाशिकजवळच्या गिरणारे गावाच्या पुढे आत वळलं की एक छोटी वायनरी आहे. मागच्या वर्षी एका मोठ्या ठिकाणी गेलो होतो. तिथे दोन तास रांग आणि कानठळ्या बसवणारा डीजे, मुलं रडकुंडीला आली. इथे तसलं काही नाही. डाव्या हाताला गोठा, उजव्या हाताला पत्र्याची शेड. आत स्टीलच्या टाक्या आणि प्रत्येकीवर ऑइलपेंटने नाव: कपिला, हरणी, चांदी, तांबू. गोठ्यातल्या गाईंची नावं! मालक म्हणाले, आधी नंबर होते. एकदा रात्रीच्या घाईत नंबर चुकला, पांढऱ्या वाइनच्या टाकीत लाल गेली आणि हंगामाची मेहनत बिघडली. घरच्या गाईचं नाव कुणी चुकत नाही, म्हणून तेव्हापासून हे. कामगार एकमेकांना हाक मारून सांगतात, "हरणीला थंड करा रे."

नाना गाडीतून उतरायलाच तयार नव्हते. मालकांनी त्यांना शेडमध्ये बोलावलंच नाही, हाताला धरून बागेत नेलं. शिराज या वाइनच्या द्राक्षाचे काळे घड, मणी अगदी बारीक. नानांनी उमेदीची सगळी वर्षं द्राक्षात काढलीयत, भोकरी आणि अनाबेशाही या जुन्या जातींच्या काळापासून. पहिलाच प्रश्न, "जीए दिलं नाही का? मणी का फुगला नाही?" (जीए म्हणजे मणी फुगवायचं संजीवक.) मालक म्हणाले, फुगवायचाच नाही. रंग आणि चव सालीत असते. मणी बारीक राहिला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते.

मग नानांनी एक मणी अंगठ्याने पुसला, वरचा पांढरा मेणचट थर गेला आणि खालून जांभळा-काळा रंग चमकला. दाबून फोडला तर आतला गर पांढराच. बी हातावर घेऊन बघितलं, तपकिरी होतं. ते दाताखाली धरलं, कडकन वाजलं. म्हणाले, "दोन-तीन दिवसांत तोडा." मालकांनी यंत्रावर रसाचा थेंब टाकून दाखवला, २३ ब्रिक्स, म्हणजे रसात जवळपास २३ टक्के साखर. तोडणी त्यांनी मंगळवारीच धरली होती, पहाटे, घड गार असताना. नाना घरी येईपर्यंत हेच सांगत होते. मुलांना मात्र नवल बियांचंच. आपल्या पोरांनी बीवालं द्राक्ष कधी खाल्लंय?

मंगलताई (ए-३०२): वाचून माहेर आठवलं. आमचं निफाड तालुक्यातलं. संदीप, युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटायचा. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी. मग जानेवारी ते मार्च माल. दिवसा ऊन आणि रात्री थंडी, त्यामुळे गोडीबरोबर आंबटपणाही टिकतो. म्हणून बघायचं तर आत्ताच. मे महिन्यात जाल तर एकही घड नाही.

आणि सुधाकरभाऊ, याला नुसता दारूचा कारखाना म्हणू नका. नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली आली, पुढच्या वर्षी सरकारचं वाइनला उत्तेजन देणारं धोरण आलं आणि आमच्याकडच्या कितीतरी जणांनी वाइनची द्राक्षं लावली. माझ्या भावानेही लावली. २००८ नंतर मागणी पडली, माल कुणी उचलेना, शेवटी उभी बाग तोडून टाकावी लागली. त्या दिवशी वडील जेवले नव्हते. म्हणून कुणी स्वतः बाग राखून, स्वतः वाइन करून टिकलाय म्हटलं की मला फार बरं वाटतं.

सुधाकरकाका (ए-१०१): ताई, हे माहीत नव्हतं. शेतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मुलांसमोर मोठ्यांनी ग्लास धरायचे का, एवढंच विचारतो.

वृषाली (बी-२०३): काका, प्रश्न रास्त आहे. आम्ही दोन गट केले. चव घेणारे शेडमागे बसले. तिथे बैलगाडीची जुनी साटी टेबल म्हणून मांडलीय आणि कडेला पितळी तस्त. चव घेऊन त्यात थुंकायचं, कुणी वाईट मानत नाही. कायद्याने वाइनला वय २१ पूर्ण लागतं. २१ च्या आतल्यांना आणि नानांना यीस्ट घालून आंबवायच्या आधीचा, गाळून गार केलेला रस. त्याच बागेतला.

मुलांना सगळ्यात आवडली दारापाशीची कपिला. तिच्यात लाल वाइन आंबत होती. बाहेरून कान लावला की आत सोडा फसफसावा तसा बारीक आवाज येतो. रंग सालीतून उतरतो, म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात. साली वर तरंगून जाड थर धरतात, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. मालकांनी लांब काडीला पणती बांधून टाकीच्या तोंडात सोडली, फुंकर मारल्यासारखी विझली. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून लहान मुलांना त्या खोलीत दारापाशीच थांबवतात. संदीप, हे सगळ्या पालकांना आधीच सांग. हात सोडून पळू द्यायचं नाही.

संदीप (सी-४०४): सांगतो. गाड्या आपापल्या न्यायच्या की बस?

वृषाली (बी-२०३): बसच. यात मी ऐकणार नाही. आमच्या दिरांनी पाच चवी घेतल्या आणि म्हणाले, घोटभर तर प्यायलोय. एक चव साधारण ३० मिली धरली तरी पाचाचे १५० मिली होतात, म्हणजे भरलेला ग्लास. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा, आणि परतीचा रस्ता धरणाच्या कडेचा, वळणांचा. मी चवच घेतली नव्हती, किल्ली माझ्याकडेच ठेवली. दोन दिवस रुसले होते, रुसू देत.

मंगलताई (ए-३०२): बरोबर केलंस.

चेअरमन (बी-५०१): बस सोसायटीतर्फे. चवीचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, वर्गणीत धरायचे नाहीत. जेवणाचं काय?

वृषाली (बी-२०३): आदल्या दिवशी सांगितलं तर पिठलं-भाकरी, ठेचा आणि घरचं दही. वेगळं काही मागू नका, मालकांच्या आई एकट्या करतात. वीस-बावीस माणसांच्या वर नको.

सुधाकरकाका (ए-१०१): माझं नाव लिहा. मी बागेत फिरेन, रस घेईन. नाना येणार असतील तर त्यांच्या शेजारची सीट.

संदीप (सी-४०४): लिहिलं. २२ सीटर सांगतो, दुसरा रविवार, सकाळी सात. नाना येताहेत ना वहिनी?

वृषाली (बी-२०३): कधीचे तयार आहेत. विचारताहेत, तोवर कपिला पिळून झाली असेल का. मालकांना फोन करून सांगते.