मदत हवी आहे: सांगली ते आनंदवन सायकलने, सगळे साठीच्या पुढचे

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीचे सहा मित्र, सगळे निवृत्त. सगळ्यात धाकटा 61 चा, सगळ्यात थोरले तात्या 71 चे. रोज सकाळी हरिपूरच्या संगमापर्यंत आणि रविवारी नरसोबाची वाडी नाहीतर दंडोबाचा डोंगर, अशा आमच्या सायकली चालतात. येत्या डिसेंबरात वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत सायकलने जायचं ठरवलंय. 26 डिसेंबर हा बाबा आमट्यांचा जन्मदिवस, त्या दिवशी तिथे पोचायचं. ओळखीचे लोक आमच्या प्रत्येक किलोमीटरमागे काही रक्कम देणार आहेत, ती सगळी संस्थेला जाईल. खाणं, राहणं, सोबतच्या गाडीचं डिझेल हे ज्याचं त्याच्या खिशातून.

रस्ता साधारण आठशे किलोमीटरचा. मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, नांदेड, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ. सांगोल्यापर्यंत गेल्यावर पंढरपूर टाळून पुढे जायला आमच्यातला एकही तयार नाही, तेव्हा तेवढी वाट वाकडी होणारच. रोज 60-70 किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि मध्ये दोन दिवस पूर्ण विश्रांती.

पहिली शंका वाऱ्याची. डिसेंबरात वारा ईशान्येकडून, पूर्वेकडून असतो आणि आम्ही नेमके तिकडेच तोंड करून जाणार. कवठेमहांकाळच्या पुढच्या उघड्या माळावर याची चुणूक आम्ही घेतलीय, सपाट रस्त्यावरसुद्धा चढ चढल्यासारखा दम लागतो. दहाच्या आत बहुतेक अंतर संपवावं म्हटलं, तर त्या दिवसांत सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो. अंधारात निघायला माझा ठाम विरोध आहे, कारण ऊस. गळीत हंगाम भरात असणार, आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतानाही रस्त्यावर असतात, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. लातूर-नांदेड भागात हिवाळ्यात सायकल चालवणाऱ्यांनी सांगावं, वारा साधारण किती वाजता जोर धरतो? दुपारी थांबून चारनंतर पुन्हा तासभर चालवणं जमतं का?

आता खरा प्रश्न, ज्यासाठी हा धागा काढला.

तात्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि हृदयाचे ठोके आवरणारं बीटा ब्लॉकर हे औषध चालू आहे. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट करून, वेग मर्यादेत ठेवायच्या अटीवर परवानगी दिली आहे. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. बीटा ब्लॉकरमुळे नाडी फारशी वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळाचा आकडा बघून निर्धास्त राहायचं नाही. चालवताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून वाक्य तुटलं की थांबायचं. दुसरं म्हणजे पडून डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसलं नाही तरी थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं.

आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, तुळजापूरचा चढ आणि वाऱ्याचे दिवस तात्यांनी गाडीत बसून काढावेत. तात्या म्हणतात, लोकांनी माझ्या किलोमीटरवर पैसे लावलेत, गाडीत बसून ते घेणार नाही. एक तर पूर्ण सायकलवर, नाहीतर मी येतच नाही. मी त्यांना बाबांचीच आठवण करून दिली. 1985 च्या भारत जोडो यात्रेत तरुण पोरं सायकलवर होती आणि पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बाबा सोबतच्या गाडीत झोपून होते. म्हणून ती यात्रा त्यांची नव्हती असं कोण म्हणेल? यावर तात्या गप्प बसले, पण पटलेलं नाही.

माझं मत असं, की तात्यांनी सगळ्यात पुढे राहावं आणि बाकीच्यांनी त्यांच्या वेगाने चालावं. आजवर दंडोबाला आम्ही उलटं करत आलो, पोरासारखे पुढे पळालो आणि ते मागून एकटे येत राहिले. पण आठशे किलोमीटर हा नेम पाळता येतो का? हृदयरोग असलेल्या मित्राबरोबर इतक्या लांब गेलेलं कुणी असेल तर दिवसाची आखणी कशी केली ते सविस्तर लिहा. गाडीत बसायचा निर्णय कुणी घ्यायचा, हे निघण्यापूर्वी ठरवून ठेवलं होतं का?

आणखी एक मित्र इन्सुलिनवर आहे. दिवसभर चालवल्यावर साखर रात्री झोपेतही उतरू शकते, म्हणून त्याच्या खोलीत कुणीतरी असणार, उशाला ग्लुकोमीटर आणि साखर. डोस किती कमी करायचा ते त्याचे डॉक्टर ठरवतील. वाटेत खायला आपलं भडंग, शेंगदाण्याची चिक्की, केळी. याहून बरं काही सुचत असेल तर सांगा.

पैशांबद्दल थोडं. देणगी आमच्या हातातून जाऊच नये, देणाऱ्याने थेट संस्थेच्या खात्यात भरावी आणि देणगीवरच्या आयकर सवलतीची पावतीही तिथूनच घ्यावी, असं ठरलंय. अडचण वाटेतल्या गावांची. चहाच्या टपरीवर कुणी शंभराची नोट हातात कोंबली तर नाही म्हणवत नाही, आणि अशी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम 41 सी च्या परवानगीचा विषय येतो. गाडीवर संस्थेचाच क्यूआर कोड लावायचा विचार आहे, अर्थात त्यांची लेखी संमती मिळाली तर. असं कुणी केलंय का? पत्र किती आधी द्यावं लागतं?

यवतमाळहून पुढे वणीमार्गे अंतर कमी आहे, पण कोळशाच्या ट्रकांची धास्ती वाटते. वर्धा, हिंगणघाटवरून गेलो तर लांब पडतं, मात्र सेवाग्राम आणि बाबांचं जन्मगाव दोन्ही होतं. माझा कल वर्ध्याकडे आहे. त्या भागातल्या लोकांचा सल्ला हवा.

मुक्कामाचं तुळजापूर आणि नांदेडला अवघड नाही, नांदेडला तर गुरुद्वाऱ्याचे यात्री निवास आहेत. उमरखेड, महागाव, आर्णी इथे मात्र आमची कुणाशीच ओळख नाही. तळमजल्यावरची खोली, कमोड, आंघोळीला गरम पाणी आणि सायकली आत ठेवायला जागा, एवढंच पाहिजे. मंगल कार्यालय किंवा शाळेची खोलीही चालेल, भाडं देऊ. तिकडचं कुणी असेल तर इथेच लिहा, मी रोज संध्याकाळी धागा बघतो.