मारुती 800 चे 796 सीसी नक्की मोजतात कसे?

वैदेही_सांगली: बाबांची जुनी मारुती 800 निळा धूर सोडतेय. मेकॅनिक म्हणाला, इंजिन बोअर करावं लागेल, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करावा लागेल. आरसी बुकावर 796 सीसी लिहिलंय. हा आकडा येतो कुठून? आणि बोअर केल्यावर तो बदलतो का?

उद्यमनगरकर: ताई, कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं बोअरिंगचंच काम आहे. पिस्टन अगदी खालून अगदी वर जाताना जेवढी जागा व्यापतो, तेवढीच सीसीत, म्हणजे घन सेंटीमीटरमध्ये, धरायची. वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, जी जागा उरते ती यात येत नाही, ती कॉम्प्रेशन रेशो (आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) काढताना लागते.

मापं दोनच. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर, तुमच्या गाडीत 68.5 मिमी. पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक, 72 मिमी. सेंटीमीटरमध्ये करा: 6.85 × 6.85 × 0.7854 × 7.2 = 265.3 (0.7854 म्हणजे पाय भागिले चार). सिलिंडर तीन, म्हणजे झाले 796.

स्ट्रोक ठरवतो क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावण्याने फिरणारा दांडा, त्यामुळे स्ट्रोक आहे तसाच राहतो. झिजतो तो बोअर, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. वरच्या टोकाला, जिथे पिस्टनवरच्या रिंगा थांबून परत फिरतात, तिथे डायल गेज (व्यासातला फरक काट्याने दाखवणारं माप) फिरवला की काटा लगेच हलतो. 0.50 मिमी ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा, पिस्टन टाकला तर बोअर 69 मिमी होतो आणि इंजिन साधारण 808 सीसीचं. त्या 12 सीसीने गाडी पळत नाही. पळते ती कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, परत आल्यामुळे.

चारचाकी_पुणे: याला जोडून एक. स्विफ्टचं जुनं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन 73 × 71.5 मिमी, म्हणजे 1197 सीसी. चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीला छोट्या गाडीचा कर लागतो तो 1200 सीसीपर्यंतच, डिझेलला 1500. म्हणून कंपन्या काठावर थांबतात. थर्ड पार्टी विम्यालाही 1000 आणि 1500 सीसीचे टप्पे आहेत.

वैदेही_सांगली: छान समजलं, दादा. पण बोअर खरंच करावाच लागेल का?

उद्यमनगरकर: आधी गेज लावून कॉम्प्रेशन बघायला सांगा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघा. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर गेलाय. नाही वाढला तर आधी व्हॉल्व्ह तपासा. हे बघितल्याशिवाय इंजिन खाली उतरवू देऊ नका.