मदत हवी आहे: मानेला रेडिएशन झालेल्या आईची नस ७५ टक्के अरुंद, स्टेंट की ऑपरेशन?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आई ६६ वर्षांची, कराडजवळ गावी असते. २०१२ साली तिला डाव्या गालाचा कॅन्सर झाला. मशेरीची सवय होती, ती तेव्हाच सुटली. ऑपरेशन मुंबईत झालं. गाल, जबड्याचा थोडा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस मानेवरून वर आणून गाल बनवला. नंतर रेडिएशनच्या ३० सिटिंग, एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप). पाच वर्षं सगळ्या तपासण्या वेळेवर झाल्या, मग 'वर्षातून एकदा दाखवत जा' म्हणाले. आमच्या लेखी ते प्रकरण मिटलं होतं.

गेल्या आठवड्यात मेथी निवडताना तिच्या उजव्या हातातली जुडी गळून पडली. बोलायला गेली तर शब्द भलतेच. पंधरा मिनिटांत सगळं ठीक, उठून तिने चहासुद्धा टाकला. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. बहीण नर्स आहे, तिला फोनवर ऐकूनच शंका आली आणि ती आईला थेट न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन गेली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला दोन बारीक ताजे ठिपके. मानेच्या डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) डाव्या कॅरोटिडला, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या मोठ्या नसेला, खालपासून लांबच लांब थर, मेंदूकडे जाणारी फांदी ७५ टक्के अरुंद. उजवीकडे ४० टक्के.

आईला शुगर नाही. तंबाखू सुटून इतकी वर्षं झाली. मग हे कुठून आलं, तर डॉक्टर म्हणाले रेडिएशनमुळे. नसेच्या आतलं अस्तर किरणांनी दुखावतं, आणि खुद्द नसेच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसाही खराब होतात. भिंत वर्षानुवर्षं जाड आणि कडक होत जाते, चरबीचा थर लवकर चढतो. ज्या गाठींवर किरण द्यावे लागतात त्या कॅरोटिडला लागूनच असतात, त्यामुळे नसेला पूर्ण वगळता येत नाही. हे पटलं. पण डिस्चार्ज कार्डावर दात, तोंडाचा कोरडेपणा, जबड्याचा व्यायाम सगळं सविस्तर आहे आणि मानेच्या नसेबद्दल एक ओळ नाही, हे काही पटत नाही.

सध्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू आहे. एक सर्जन म्हणतात मान उघडून नस साफ करू, ते जास्त टिकतं. दुसरे म्हणतात या मानेला हात लावायचा नाही, मांडीतून जाऊन स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकू. कोणाचं ऐकावं? शिवाय खालचा एक दात हलतोय, तो आधी काढून घ्यावा का? आणि भाचीचं लग्न महिन्यावर आलंय, आई म्हणते तेवढं होऊ दे.

अबोली_रंग

मी न्यूरोलॉजी विभागात काम करते. रिपोर्ट पाहिलेले नाहीत, हे धरून वाचा.

लग्नासाठी थांबू नका. असा छोटा झटका येऊन गेल्यावर मोठ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त असतो. नस मोकळी करायचीच असेल तर लक्षण दिसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, असा सर्वसाधारण संकेत आहे. तुमचा एक आठवडा गेलाच आहे.

स्टेंट की ऑपरेशन यात दोघेही सर्जन खरं बोलतायत. एरवी कॅरोटिडसाठी उघडं ऑपरेशन हा चांगला आणि जुना मार्ग आहे. पण किरण घेतलेल्या मानेत कातडी, स्नायू, नस सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. जखम भरायला वेळ लागतो. आवाज, जीभ आणि गिळणं सांभाळणाऱ्या मज्जातंतूंना इजा व्हायची शक्यता वाढते. तुमच्या आईच्या मानेतल्या गाठी काढल्यात, त्यावरून छातीचं मांसही गेलंय. शिवाय रेडिएशनचा थर लांब पसरतो, एका जागी साफ करण्यासारखा नसतो. म्हणून अशा मानेत बरेचदा स्टेंटकडे कल असतो. त्याची उणी बाजू अशी की स्टेंटमध्ये नस पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण जास्त आहे, तेव्हा डॉपलर करत राहावं लागतं. सीटी अँजिओग्राफी (नसांचा सीटी स्कॅन) झाली नसेल तर करून घ्या. थर छातीपर्यंत खाली गेलाय का हे कळल्याशिवाय निर्णय अर्धवट राहील. आईला आत्ता गिळायला त्रास होतो का, हे दोन्ही सर्जनना आवर्जून सांगा.

दात मात्र गावातल्या दवाखान्यात काढू नका! किरण घेतलेल्या जबड्याचं हाड दात काढल्यावर नीट भरून येईलच असं नाही, सडू शकतं. स्टेंटनंतर दोन्ही गोळ्या किमान चार आठवडे तरी चालू ठेवाव्या लागतात, दातासाठी त्या परस्पर बंद करायच्या नाहीत. नस आधी. दाताचं कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून, जमलं तर न काढता.

सदाफुली

आमच्या काकांचं ब्लॉकेज लसूण, आलं, लिंबू आणि ॲपल व्हिनेगरच्या काढ्याने गेलं. मधातून द्या, महिनाभरात फरक पडेल.

अबोली_रंग

@सदाफुली, किरण घेतलेल्या कोरड्या तोंडात व्हिनेगर आणि आलं घालणं हा छळ आहे. आणि जाड झालेली भिंत काढ्याने पातळ होत नाही. महिनाभर वाट पाहण्याची ही वेळ नाही.

डोंगरवाट

माझं स्वरयंत्राचं रेडिएशन २००९ मध्ये झालं. मला झटका आला नाही, पण बीपी वेड्यासारखं वरखाली व्हायचं. सकाळी १८०, उभा राहिलो की १०० आणि डोळ्यांपुढे अंधारी. गोळ्या वाढवल्या की पडायचो. शेवटी कळलं की बीपीचा अंदाज घेणारी यंत्रणा कॅरोटिड जिथे दुभंगते तिथेच असते आणि किरणांनी तीही बिघडते. आईचं बीपी बसवून आणि उभं करून, दोन्ही वेळा मोजा. स्टेंट टाकताना तिथेच दाब पडतो, म्हणून हे आधी कळलेलं बरं.

थायरॉइडही बघा. मानेच्या रेडिएशननंतर तो हळूहळू मंदावतो आणि कोलेस्टेरॉल वाढायला तेही एक कारण असतं. माझा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दर वर्षी होतो, डॉपलरही. डॉपलर किती वर्षांनी करावा यावर डॉक्टरांचं एकमत नाही, मी माझ्यापुरतं ठरवलंय.

खर्चाचं: महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर धावपळ होते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. गिळायला त्रास आहेच, भाकरी दुधात कुस्करून खाते, दोन्ही सर्जनना हे सांगितलंच नव्हतं. बहिणीने सीटी अँजिओची वेळ उद्या सकाळची घेतलीय. लग्नाचं आईला मी सांगतो, रागावेल. फाईल पुन्हा चाळली, टीएसएच २०१५ नंतर एकदाही झालेला नाही. उद्याच्या रक्ततपासणीत तोही लिहून घेतो.