शिडाच्या बोटीचं डिझेल इंजिन भार दिला की तापतंय, काय तपासू?

शीडभर_वारा

बोट ३० फुटी, इंजिन तीन सिलिंडरचं डिझेल. आत कूलंट फिरतं आणि हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राचं पाणी त्याला थंड करतं आणि मग एक्झॉस्टमधून धुराबरोबर बाहेर पडतं, नेहमीचीच रचना.

१५०० आरपीएमला काटा ८० वर ठाण मांडून बसतो, तासभर हलत नाही. २२०० ला नेलं की पंधरा-वीस मिनिटांत ९५ च्या पुढे जातो आणि अलार्म बोंबलायला लागतो. आरपीएम उतरवले की पाचेक मिनिटांत परत जागेवर.

आतापर्यंत इम्पेलर (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदलला, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटला एक्स्चेंजरकडे वाट देणारी झडप) बदलला, बेल्ट ताणला, कूलंट नवं भरलं. फरक शून्य. मागून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय, म्हणजे पाण्याची तक्रार नसावी. आता हीट एक्स्चेंजरच नवा घ्यावा, की हेड गॅस्केट (सिलिंडरच्या माथ्याखालचं सील) गेलं म्हणायचं? अनुभवी लोकांनी सांगावं.

अर्धवट_मेकॅनिक

थर्मोस्टॅट काढूनच टाका. मी जुन्या इंजिनातला काढला होता, परत कधी काटा वर गेला नाही.

ग्रीसचे_हात

कृपा करून काढू नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन कायम गार चालतं, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी धरते. शिवाय काही इंजिनांत गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच बायपासचं तोंड बंद करतो. तो काढला की बरंचसं कूलंट एक्स्चेंजरला टांग मारून थेट इंजिनात परत येतं. मग गार होणं राहिलं बाजूला, उलट जास्त तापतं.

शीडभर_वारा, 'मागून पाणी पडतंय' हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. पडतंय, कबूल. पण किती?

तुमचं इंजिन सुरू केल्याकेल्या तापलं असतं तर मी सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी तळाची झडप), इम्पेलर, बेल्ट एवढंच बघायला सांगितलं असतं. कमी भारावर ठीक आणि भार वाढला की ताप, याचा अर्थ उष्णतेला बाहेर जायला वाट आहे पण अरुंद आहे. गॅस्केटचा संशय मी सगळ्यात शेवटी घेईन, तोही हेडर टँकमध्ये (कूलंटच्या वरच्या टाकीत) बुडबुडे येत असतील किंवा कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल तरच.

आधी काटा खरं बोलतोय का ते बघा. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी चिकटपट्टी लावून इन्फ्रारेड थर्मामीटर मारा. चकचकीत धातूवर ते यंत्र बिनदिक्कत खोटं सांगतं, म्हणून पट्टी. मग हे सांगा: पूर्ण थ्रॉटलला इंजिन ठरलेले आरपीएम गाठतं का, धूर कुठल्या रंगाचा, बोटीचा तळ आणि पंखा शेवटचे कधी घासले, आणि जुना इम्पेलर काढला तेव्हा त्याची सगळी पाती जागेवर होती का?

खारट

समुद्राचं पाणी पंपाआधी गाळणाऱ्या गाळणीचं झाकणही विसरू नका. आमच्या बोटीत झाकणाची ओ-रिंग कडक झाली होती. थेंब गळत नव्हता, कारण पंप चालू असताना तिथे ओढ असते. पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. झाकण पारदर्शक होतं म्हणून बुडबुड्यांची माळ दिसली, नाहीतर मीही एक्स्चेंजरच विकत घेतला असता.

त्याआधी एकदा प्लास्टिकची पिशवी. ती तर भुताटकीच वाटली. इंजिन तापायचं, बंद करून तपासायला जावं तर सगळं स्वच्छ. पंप थांबला की पिशवी बोटीच्या तळाला पाणी आत येतं त्या तोंडावरून सुटून खाली लोंबायची आणि पुन्हा सुरू केलं की येऊन चिकटायची. मी पाण्यात उतरले तेव्हा कुठे सापडली.

शीडभर_वारा

थर्मामीटर आणि काट्यात दोन अंशांचा फरक, म्हणजे काटा खरा आहे. बुडबुडे नाहीत, कूलंट रेषेवरच आहे. तळ आणि पंखा मागच्याच महिन्यात घासलेत. गाळणीत हवा दिसत नाही. पूर्ण थ्रॉटल दोनच मिनिटं दिला, ठरलेल्या आरपीएमपेक्षा दीडशेक कमी पडले आणि थोडा काळा धूर आला.

जुन्या इम्पेलरची सहापैकी दोन पाती नव्हती. पंपात शोधली, मिळाली नाहीत. पाण्याबरोबर बाहेर गेली असतील असं धरून चाललो.

ग्रीसचे_हात

बाहेर कशी जातील? एक्स्चेंजरच्या नळ्यांत पेन्सिलही धड शिरत नाही. पाती तिथेच तोंडाशी अडकून बसलीत, पैज लावतो.

पण आता अंदाज पुरे, पाणी मोजा. पाच लिटरचा कॅन आणि घड्याळ घ्या, तिन्ही मोजण्या १५०० आरपीएमलाच करा. पहिल्यांदा एक्झॉस्टच्या तोंडाशी कॅन धरा. नंतर एक्स्चेंजरमधून निघणारा समुद्राच्या पाण्याचा होज सोडून त्याखाली. शेवटी पंपातून निघणारा होज. होज सोडलेला असताना एक्झॉस्टला पाणी मिळत नाही आणि रबरी एक्झॉस्ट होज कोरडा भाजतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या वर चालवायचं नाही. होज जोडून, इंजिन दोन मिनिटं चालवून मगच पुढची मोजणी.

आणखी एक. इंजिन सुरू व्हायला कुरकुरलं तर सी-कॉक उघडा ठेवून स्टार्टर मारत बसू नका. पंप पाणी ढकलत राहतो, एक्झॉस्टमध्ये ते उडवायला जोर नसतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. तापण्याची तक्रार घेऊन आलेला माणूस मग इंजिन उतरवून घेऊन जातो.

शीडभर_वारा

मोजलं. पाच लिटर भरायला पंपाशी १४ सेकंद, एक्स्चेंजरनंतर २०, एक्झॉस्टशी २९.

ग्रीसचे_हात

वा. एक नाही, दोन बूच आहेत. पंप आणि त्याच्या अलीकडचं सगळं ठीक, तुमचा नवा इम्पेलर निर्दोष. एक्स्चेंजरमध्ये पाणी अडतंय आणि त्याहून जास्त पुढे अडतंय. पुढे उरतो काय, एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो, म्हणजे धुरात पाणी मिसळतं ते वाकडं नळकांडं. काळा धूर आणि कमी पडलेले आरपीएमही त्याच्याकडेच बोट दाखवतात, इंजिनाला उच्छ्वास टाकता येत नाहीये. दोन्ही उघडा.

खारट

एल्बोला +१. गरम धूर आणि खारं पाणी तिथेच भेटतात, त्यामुळे काजळी आणि मीठ मिळून दगड होतो. आत खरवडताना भिंतही टोचून बघा, गंजून पापुद्रा उरला असेल तर साफ करण्यात अर्थ नाही, नवाच घ्या.

आतला थर काढायला एक्स्चेंजर आम्लात बुडवणार असाल तर आधी तो कशाचा आहे ते पाहा. ॲल्युमिनियमचं घर असेल तर आम्ल ते खाऊन टाकेल. तांब्याच्या नळ्यांचा गाभा वेगळा निघत असेल तर तेवढाच सौम्य आम्लात ठेवायचा, फेस थांबला की काढून भरपूर धुवायचा. नळ्यांतून तार घालू नका, लाकडी काडी बरी.

शीडभर_वारा

शनिवार-रविवार गेला, पण झालं. सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग होईल.

एक्स्चेंजरचं पंपाकडचं झाकण काढल्यावर समोरच एक पातं आडवं पडलेलं, तीन नळ्यांची तोंडं झाकून. दुसऱ्याचे दोन तुकडे झाले होते. त्यांच्यामागे राखाडी खडे होते, आधी वाळू वाटली. निघाले झिजून तुटलेल्या झिंकच्या दांड्याचे तुकडे (बाकी धातू वाचावा म्हणून स्वतः आधी गंजणारा दांडा). दांडा बदलायचा असतो हे माहीत होतं, पण जुना कुठे जातो हा विचार कधी केला नव्हता. आम्लाची गरजच पडली नाही, काडी आणि पाण्याने भागलं.

एल्बो मात्र बघवत नव्हता. जिथे अंगठा सहज जायला हवा तिथे करंगळी अडकली. काळा थर इतका कडक की स्क्रूड्रायव्हर घसरायचा, हातोडीने ठोकून खपल्या काढल्या. आतली भिंत शाबूत आहे, निदान या मोसमापुरती.

आता एक्झॉस्टशी पाच लिटर १५ सेकंदांत. काल २४०० वर तासभर चालवलं, काटा ८२. काळा धूर गेला, आरपीएमही पूर्ण मिळतात. ग्रीसचे_हात, पैज तुम्ही जिंकलात.

फक्त एक शंका. एक्स्चेंजरच्या झाकणाखाली आता मिनिटाला एखादा थेंब दिसतो. बोल्ट अजून आवळू का?

ग्रीसचे_हात

आवळू नका, झाकणाला चीर जाईल. ओ-रिंग नवी घातली होती का?

शीडभर_वारा

जुनीच.