‘कॉक करणे’ : घोडा, चाप, खटका की आणखी काही?

गंगापूररोडकर
मुलं नेमबाजी शिकतात तिथल्या एअर पिस्तुलांसाठी मराठीत सूचनापत्रक लिहितोय. साधी स्प्रिंगची पिस्तुलं, नळी मोडायची, ४.५ मिमीचा एक छर्रा घालायचा, मारायचा. ‘पिस्तूल दर वेळी नीट कॉक होत नसेल तर’, म्हणजे मारायला तयार होत नसेल तर, या वाक्यापाशी अडलोय. मी लिहिलं, ‘घोडा नीट चढत नसेल तर’. प्रशिक्षक म्हणाले, याला घोडाच नाही, मुलं शोधत बसतील. पण पेठकडच्या मामांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती, तिथे आम्ही ‘घोडा चढव’ हेच ऐकलं. काय लिहू?

पंचवटीकर
प्रशिक्षकांचं बरोबर आहे. मामांच्या बंदुकीचा घोडा बाहेर दिसतो, अंगठ्याने मागे ओढतात. तुमच्या पिस्तुलात नळी वाकवली की आतला दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्याच्या खाचेत एक दात अडकतो. चाप ओढला की दात सुटतो. शिवाय बातम्यांत ‘घोडा दाबला’ छापतात तेव्हा त्यांना चाप म्हणायचा असतो. म्हणजे घोडा शब्द आधीच दोन जागी वापरून झालाय.

शब्दवेडी
‘सज्ज करणे’ लिहा. संस्कृतात ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. दोरी चढवलेलं ते सज्य, त्यावरून सज्ज. आणि चाप म्हणजे मुळात धनुष्यच. चाप शब्द बंदुकीला चालतो, मग सज्ज का नको? आपली भाषा हे शब्द धनुष्यापासून सांभाळत आलीय, ते टाकून कॉक कशाला?

देवळालीकर
फौजेत आम्ही कॉकच म्हणायचो आणि गावाकडून आलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी कळायचं. ‘पिस्तूल सज्ज होत नाही’ वाचून बारा वर्षांच्या मुलीला काय कळणार?

शब्दवेडी
दट्ट्या कळतो, खाच कळते, मग सज्जच का कळणार नाही? मुलांना अवघड जाईल असं आपणच ठरवतो आणि शब्द मरतात.

सातपूरचा फिटर
नामावर भांडताय, घोळ क्रियापदात आहे. ‘कॉक होत नाही’ म्हणजे नक्की काय? आमच्याकडे पोरगा असं बोलला तर आधी विचारतो, चढत नाही की धरत नाही?

चढत नाही म्हणजे दट्ट्या खाचेपर्यंत पोचतच नाही. बहुतेक वेळा नळी शेवटपर्यंत वाकवलेली नसते. लहान मुलांचा जोर कमी पडतो, ‘टक्’ ऐकू यायच्या आधीच सोडतात. नाहीतर नळीपासून दट्ट्यापर्यंतचा जोडदांडा वाकलेला असतो, किंवा आतलं जुनं ग्रीस घट्ट झालेलं.

धरत नाही म्हणजे पोचतो, पण टिकत नाही. दाताची धार झिजून गोल झालेली, दातामागची बारीक स्प्रिंग ढिली पडलेली, किंवा कोणीतरी चाप हलका करायला स्क्रू पिळलेला. हे शेवटचं फार होतं. दात खाचेत जेमतेम टेकतो, एकदा धरतो, एकदा सुटतो. हे ‘एकदा होतं, एकदा नाही’ प्रकरण बहुतेक वेळा ‘धरत नाही’मध्येच जातं. दोन्हींना एकच शब्द लावला तर माणूस भलतीकडे तपासत बसेल.

देवळालीकर
हे पटलं. आणि धरत नसेल तर पत्रकात सगळ्यात वर लिहा : छर्रा घालताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा. दात सुटला तर नळी फाटकन मिटते आणि बोट चेचतं. चाप हलका करणाऱ्यांनाही सांगा, १० मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत तो किमान ५०० ग्रॅमचा लागतो, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागला पाहिजे. हलका करून मिळवायचं काय?

गंगापूररोडकर
मग त्या दाताला काय म्हणू? इंग्रजीतलं ‘सिअर’ नको वाटतं.

सातपूरचा फिटर
कुत्ता. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तोच. पॅडल मारताना घसरलं की सायकलवाला म्हणतो, कुत्ता झिजला.

पंचवटीकर
फ्रेंचमध्ये बंदुकीच्या घोड्याला कुत्राच म्हणतात! जर्मन आणि इंग्रजीत तो कोंबडा, कॉक हा शब्द तिथलाच. आपण तेवढा घोडा केला.

शब्दवेडी
कुत्ता हिंदी. मराठीत खटका आहे की. खट्‌ वाजून बसतो तो खटका.

सातपूरचा फिटर
खटका म्हणजे विजेचं बटण. आमच्या घरात तरी तेच. शिवाय जे दाबतात ते खटका. कुत्ता कोणी दाबत नाही, तो धरून बसतो.

शब्दवेडी
उंदराच्या सापळ्याचा खटका कोण दाबतं? तोही धरूनच बसतो.

गंगापूररोडकर
‘चढत नाही’ आणि ‘धरत नाही’ असे दोन मथळे केलेत. दाताची जागा अजून कोरी आहे, पत्रक शनिवारी छापायला जातंय.

पंचवटीकर
सापळ्यात तो खटका नव्हे, आकडा. आमची आजी आकडाच म्हणायची.