मोतीबिंदू ऑपरेशन, फेको की एसआयसीएस: पहिल्या दिवशी सूज जास्त कशात?

इंदूरकर_ऑप्टोम
शिबिरात धार-झाबुआकडचे रुग्ण येतात, बहुतेकांचा मोतीबिंदू पिकून तपकिरी झालेला. त्यांचं एसआयसीएस (मोठ्या चिरेतून, बिनटाक्याचं), ओपीडीतल्यांचं फेको (लहान चिरेतून, अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून). पहिल्या दिवशी एसआयसीएसवाल्यांच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सेल्स (सुजेच्या पेशी) जास्त दिसतात. तक्ता करायचाय. मोजायचं कसं, आणि फरक तंत्राचाच धरायचा का?

टनेल_साडेसहा
आधी दोन्ही गटांत न्यूक्लियसचा (मोतीबिंदूच्या कडक गाभ्याचा) ग्रेड जुळवा, नाहीतर तक्ता मोतीबिंदूच्या कडकपणाचाच होईल. खोली अंधारी करा, स्लिट लॅम्पचा (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा) 1 × 1 मिमीचा झोत, उजेड पूर्ण. झोतात 1–5 सेल्स म्हणजे अर्धा प्लस, 6–15 एक, 16–25 दोन, 26–50 तीन. बाहुली मोठी करायचे थेंब मोजून झाल्यावर टाका. त्यांनी आयरिसचे (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचे) रंगकण सुटतात आणि नवशिक्या हमखास तेही मोजतो. सेल पांढरट, रंगकण तपकिरी.
एसआयसीएसमध्ये 6–7 मिमीच्या टनेलमधून (बोगद्यासारख्या चिरेतून) अख्खा न्यूक्लियस काढायचा. बाहुली लहान असली की तो आयरिसला घासतो, प्रोस्टाग्लँडिन (सूज आणणारी रसायनं) सुटतात, सूज चढते. न्यूक्लियसच्या वर आणि खाली, दोन्हीकडे व्हिस्को (संरक्षक जेल) भरला तर घासणं बरंच वाचतं. चिरेखालचं कॉर्टेक्स (गाभ्याभोवतीचा मऊ थर) राहिलं तर मात्र सूज रेंगाळते, तंत्र कुठलंही असो.

फेकोवाली
दादांच्या म्हणण्यात एक भर. कडक मोतीबिंदूत फेकोची ऊर्जा जास्त लागते, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) सुजतो, घड्या पडतात. त्या धुक्यामागचे सेल्स दिसतच नाहीत, आणि तक्त्यात फेको उगाच साळसूद ठरतं. कॉर्नियाचा रकाना वेगळा ठेवा. फेम्टो लेझरने (ऑपरेशनचे काही टप्पे लेझरने केले तर) सूज कमीच, हेही गृहीत धरू नका: लेझरनंतर प्रोस्टाग्लँडिन वाढून बाहुली आकसते, म्हणून एनएसएआयडी (स्टेरॉइड नसलेले सूज कमी करणारे) थेंब आधीपासून देतात.

इंदूरकर_ऑप्टोम
शिबिरात शेवटी कंजंक्टायव्हाखाली (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली) डेक्साचं (डेक्सामेथासोन स्टेरॉइडचं) इंजेक्शन असतं, फेकोत नसतं. चालेल?

टनेल_साडेसहा
नाही, तुलनाच बिघडली. दोघांना द्या, नाहीतर कुणालाच नको. थेंबही दोघांना तेच: स्टेरॉइड प्रेडनिसोलोन ॲसिटेट 1%, दिवसातून 6 वेळा, दर आठवड्याला कमी करत 4–6 आठवडे. बाटली हलवायला सांगा. औषध तळाशी बसतं, न हलवता टाकलं तर डोस कमी पडतो. मधुमेही वेगळे काढा.

फेकोवाली
एकाच टेबलावरचे चार-पाच जण 12–48 तासांत सुजले, कॉर्निया कडेपासून कडेपर्यंत धूसर, दुखणं फारसं नाही, तर टासचा (बाहेरून आत गेलेल्या विषारी पदार्थाने येणाऱ्या, जंतूविना सुजेचा) संशय घ्या. कॅन्युला कशा धुतल्या, सलाईन कुठल्या बॅचचं, ते बघा. उलट 2–7 दिवसांत दुखणं आणि धूसरपणा वाढत गेला, तर डोळ्यातल्या जंतुसंसर्गाचा संशय घ्या, तक्ता बाजूला ठेवून त्याच दिवशी रेटिनावाल्यांकडे पाठवा.