मदत हवी आहे : 'मोअर' लावूनही कंपॅरेटिव्ह चूक कसं?

घाईतला : इंग्रजीत तुलना करताना लांब विशेषणाला मोअर, आखूडला शेवटी ईआर (er), पुढे दॅन. नियम पाठ आहे. तरी सरावचाचणीत चूक दाखवतंय. उद्या पेपर आहे, पटकन सांगा.

खडूफळा : वाक्य?

शब्दवेडी : ईआर-मोअर इतकं सरळ नसतं. बिझीचं बिझिअर होतं, क्लेव्हरला दोन्ही चालतं. गुडचं बेटर तर पाठच करावं लागतं.

घाईतला : ते येतं हो मला! सुपीरियरचं वाक्य आहे.

खडूफळा : अहो, पूर्ण वाक्य द्या.

घाईतला : 'धिस क्लॉथ इज मोअर सुपीरियर दॅन दॅट.' आता सांगा.

खडूफळा : दोन चुका. सुपीरियर हे लॅटिनमधून आलेलं, मुळातच तुलनादर्शक रूप. म्हणून मोअर नको, आणि दॅनच्या जागी टू. इन्फीरियर, सीनियर, ज्युनियर, प्रायर यांनाही टूच.

भटक्या : असहमत. 'मोअर सीनियर दॅन' इंग्रज लोक सर्रास लिहितात.

खडूफळा : लिहितात, मान्य. पण पेपर तपासणारा 'सीनियर टू'लाच मार्क देणार. उद्या त्याच्याशी वाद घालायचाय का?

भटक्या : हीच घोकंपट्टी भोवते. पुस्तकं मिटा, रोज इंग्रजी बातम्या ऐका. मी तसंच शिकलो.

शब्दवेडी : उद्या पेपर आहे त्यांचा!! बाकी 'दॅन आय' की 'दॅन मी' यावरही भांडणं आहेत. रॉबर्ट लाउथच्या १७६२च्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकापासून दॅनपुढे 'आय' (I) म्हणणारे आहेत, बोलण्यात मात्र 'मी' (me) रूढ.

निवांत : अवांतर : 'उत्तम'मध्ये 'सगळ्यांत जास्त' दाखवणारा 'तम' आहेच, मग आपण 'सर्वोत्तम' का म्हणतो?

शब्दवेडी : सर्वांत उत्तम म्हणून. मोअर बेटरसारखी ती चूक नाही.

निवांत : आणि 'सर्वात सर्वोत्तम' लिहितात ते?

घाईतला : कृपया विषयावर या. 'व्हेरी सुपीरियर टू' चालेल?

खडूफळा : नाही. 'मच' किंवा इंग्रजी 'फार' (far) लावा. 'मच बेटर' म्हणतो, 'व्हेरी बेटर' नाही, तसंच. आणि 'प्रिफर'लाही टू : 'आय प्रिफर टी टू कॉफी'.

घाईतला : झालं, धन्यवाद. आता एल्डर आणि ओल्डर?

खडूफळा : एल्डर घरच्या नात्यांत, नामाआधी : 'माय एल्डर ब्रदर'. पुढे दॅन आलं की ओल्डरच.

भटक्या : बातम्या ऐका.